‘माहीत नाही’ चालणार नाही

मार्च संपता संपता आमच्या ऑफिसात एक एक्सेल फाइल येते, साधारण आंब्याच्या पहिल्या पेटीच्या आगेमागे. पेटी मालकांच्या साडूंकडून देवगडहून येते, फाइल युरोपातल्या एका गिऱ्हाइकाकडून. पेटीभोवती सगळे जमतात. फाइल मला एकटीलाच उघडावी लागते, कारण पर्चेस माझ्याकडे आहे.

आम्ही भोसरीत बँड हीटर बनवतो. बादल्या, बाटल्यांची झाकणं, गाड्यांचे डॅशबोर्ड असल्या प्लास्टिकच्या वस्तू ज्या मशीनवर निघतात, तिच्या बॅरलला कमरपट्ट्यासारखा आवळून बसणारा हा हीटर. आत नायक्रोमची पट्टी गुंडाळलेली, तिच्या वर-खाली मायका, बाहेरून स्टीलचा पत्रा. पट्टी लाल होते, धग पत्र्यातून बॅरलला मिळते, पण वीज पत्र्याला शिवत नाही. ते काम मायकाचं. चारशे-पाचशे अंशांना तापवा, जळत नाही, वितळत नाही, वीज पुढे जाऊ देत नाही. एवढं करून आमच्या कॉस्टिंगच्या शीटमध्ये त्याची ओळ नायक्रोम, पत्रा, टर्मिनल, मजुरी या सगळ्यांच्या खाली.

मायका म्हणजे अभ्रक. सनमायका नव्हे. कपाटांना चिकटवतात त्या सनमायकात कागद आणि रेझिन असतं, अभ्रकाचा कणही नसतो. हे मलाही पर्चेसला आल्यावरच कळलं, आणि माझं तर लहानपण अभ्रकात गेलंय. मिरजेला बाबांचं रेडिओ आणि इस्त्री दुरुस्तीचं दुकान होतं. ‘कॉइल गेली’ म्हणत लोक इस्त्री आणून टेकवायचे. बाबा तळ उघडून जळकं एलिमेंट काढायचे आणि तो मायकाचा तुकडा मला खेळायला मिळायचा. नखाने पापुद्रा सुटायचा, मग त्या पापुद्र्याचा आणखी पातळ पापुद्रा. शेवटचा डोळ्यापुढे धरला की समोरचा सगळा रस्ता किंचित पिवळा दिसायचा. घरी आजीच्या फळीवर वैद्यांनी दिलेली अभ्रक भस्माची पुडी असे. सहस्रपुटी, म्हणजे हजार वेळा अग्नी दिलेलं. किती वेळा भाजलं ते नावातच लिहिलेलं, कुठून खणलं त्याचा पत्ता नाही. हे आत्ता सुचतंय. तेव्हा मला अभ्रक इस्त्रीतच तयार होतं असं वाटायचं.

तर ती फाइल. नाव लांबलचक आहे, आम्ही तिला ‘मिनरल शीट’ म्हणतो. मूळ शीट कथील, टँटलम, टंगस्टन आणि सोनं या चारांची. आमच्या हीटरचा त्यांच्याशी फारसा संबंध नव्हता, त्यामुळे पाच मिनिटांत भरून होत असे. २०२१ मध्ये कोबाल्टच्या जोडीला अभ्रक धरणारी दुसरी शीट आली आणि आम्ही सापडलो. तुमच्या मालात अभ्रक आहे का? आहे. मुद्दाम वापरलेलं आहे का? हो. ते संघर्षग्रस्त किंवा जोखमीच्या भागातून येतं का? इथे बाण दाबला की तीन पर्याय उघडतात: हो, नाही, माहीत नाही.

पहिल्या वर्षी मी ‘माहीत नाही’ निवडलं, कारण मला खरंच माहीत नव्हतं. आम्ही मायकाच्या शीट कोलकात्याच्या एका व्यापाऱ्याकडून घेतो. तो कुठल्याशा कारखान्यातून उचलतो. तिथे अभ्रकाच्या चुऱ्याचा पाण्यात लगदा करतात, त्याचा कागद काढतात आणि रेझिन लावून गरम प्रेसखाली दाबतात. चुरा कुठून येतो, असं व्यापाऱ्याला फोनवर विचारलं, तर तो म्हणाला, ‘मार्केट से.’

चार दिवसांत गिऱ्हाइकाची मेल आली. भाषा अगदी नम्र. आमच्या प्रणालीत ‘माहीत नाही’ हे उत्तर अपूर्ण धरलं जातं, कृपया शीट दुरुस्त करून पुन्हा पाठवावी. मालकांना दाखवली. ते म्हणाले, ‘अहो मॅडम, मग ‘नाही’ टाका ना. पेपरात आपण जागा रिकामी सोडतो का कधी?’

मी ‘नाही’ टाकलं. लाल चौकोन हिरवा झाला.

आता हे अभ्रक येतं कुठून? राजस्थानात आहे, आंध्रात आहे, पण अभ्रकाचा मुलूख म्हणून ज्याचं नाव घेतात तो झारखंडातला कोडरमा आणि गिरिडीह, आणि त्यांना लागून असलेला बिहारचा नवादा. माझ्या वयाच्या मंडळींना कोडरमा आठवणार नाही, पण त्याच जिल्ह्यातलं झुमरी तलैया नक्की आठवेल. बाबांच्या दुकानात दुपारभर विविध भारती चालू असे, आणि फर्माइश करणाऱ्यांच्या नावांत झुमरी तलैया आलं नाही असा दिवस जात नसे. असं गाव असणंच शक्य नाही, रेडिओवाल्यांनीच ते रचलंय, यावर आम्हा भावंडांचं एकमत होतं. गाव होतं, आणि अभ्रकाच्या व्यापारावर चांगलं गब्बर झालेलं होतं. गंमत अशी की जुन्या रेडिओच्या व्हॉल्व्हमध्ये आतले भाग जागच्या जागी धरून ठेवायला अभ्रक, कपॅसिटरच्या थरांमध्येही अभ्रक. म्हणजे त्या मुलखातलं अभ्रक मिरजेच्या रेडिओत बसून त्याच मुलखाची फर्माइश आम्हाला ऐकवत होतं, असं धरायला हरकत नाही.

भर होता तेव्हा त्या पट्ट्यात सातशेच्या वर खाणी होत्या. १९८० मध्ये वनसंवर्धनाचा कायदा आला. खाणी जंगलात, त्यामुळे परवाने अडकले. त्यातच नैसर्गिक अभ्रकाला पर्याय निघाले. बहुतेक खाणींना टाळं लागलं, अभ्रक निघायचं मात्र थांबलं नाही. सरकारी आकडेच बघा. २०१३-१४ मध्ये देशात अभ्रकाचं उत्पादन झालं १९,००० टन, आणि त्याच वर्षी निर्यात झाली १,२८,००० टन. जुना साठा थोडाफार धरला तरी हा हिशेब लागत नाही. अभ्र म्हणजे ढग. नावातच ढग आहे म्हणून उरलेलं लाखभर टन आकाशातून पडलं असं मानायचं असेल तर गोष्ट वेगळी.

ते कुठून पडतं, ते मला आमच्याच शॉपफ्लोअरवर कळलं.

पंचिंगवर एक मुलगा आहे. मुलगा म्हणजे तिशी ओलांडलेला, पण आमच्याकडे सगळे मुलगेच. मायकाची शीट डायखाली धरून आकार कापायचे, हे त्याचं काम. एकदा आलेल्या मालाचं जीआरएन, म्हणजे माल मिळाल्याची नोंद, करायला मी शीट मोजत होते आणि वैतागून म्हणाले, हे येतं कुठून ते देवालाच ठाऊक. तो हसला. ‘मैडम, मायका का मायका तो हमारे यहाँ है.’ हिंदीत मायका म्हणजे माहेर. तो गिरिडीह जिल्ह्यातल्या ‘तिसरी’ नावाच्या ब्लॉकचा, म्हणजे आपल्याकडच्या तालुक्यासारखा भाग. माझ्या टेबलापासून पंचिंग मशीन चाळीस पावलांवर असेल. तोवर मी कोलकात्याला फोन लावत बसले होते.

मग जेवणाच्या सुट्टीत, तुकड्यातुकड्यांनी, त्याने सांगितलं. तिकडे या चुऱ्याला ढिबरा म्हणतात. जुन्या खाणींच्या ढिगाऱ्यातून, नाहीतर जंगलात नवं भोक पाडून तो काढायचा. त्याची आई, दोन बहिणी आणि तो पहाटे निघायचे, हातोडी, टोपली आणि बांधून घेतलेला सत्तू. मोठी माणसं खणणार, मुलं आत शिरणार, कारण सुरंग अरुंद आणि मुलांचं अंग बारीक. बाहेर आणलेली माती चाळून चकाकणारे तुकडे वेगळे करायचे. त्याच्या वेळी किलोला आठ रुपये मिळत. चौघांचं मिळून दिवसाला तीसेक किलो. संध्याकाळी व्यापाऱ्याचा माणूस मोटारसायकलवर येऊन पोत्यात भरून घेऊन जाई. पोत्यावर नाव नाही, गाव नाही. एका पावसाळ्यात शेजारची मुलगी सुरंगातच राहिली. किती वर्षांची, ते मी विचारलं नाही, त्यानेही सांगितलं नाही. पोलिसांत कोणी गेलं का, एवढं विचारलं. तो म्हणाला, ‘जाते तो ढिबरा बंद हो जाता.’

२०१६ मध्ये रॉयटर्सच्या वार्ताहरांनी याच भागात दोन महिन्यांत सात मुलं दगावल्याचं आणि ती प्रकरणं गावातल्या गावात मिटवल्याचं उघड केलं होतं. त्याच वर्षी युरोपातल्या दोन संस्थांच्या अहवालात सुमारे २२,००० मुलं अभ्रकावर राबत असल्याचा अंदाज होता. पुढे राष्ट्रीय बालहक्क आयोगाने सर्वेक्षण केलं, त्यात कोडरमा-गिरिडीहमध्ये शाळेत न जाणारी ६ ते १४ वयाची ४,५४५ मुलं आढळली. बावीस हजार आणि साडेचार हजार, या दोन आकड्यांवरून लोक भांडतात. मी ते आकडे पंचिंगवरच्या मुलाला सांगितले. तो म्हणाला, त्याचं नाव शाळेच्या पटावर होतं. आठवड्यातून दोन दिवस तो जायचासुद्धा, खिचडीसाठी. म्हणजे शाळेबाहेरची मुलं मोजणाऱ्याच्या वहीत तो आलाच नसता.

पुढच्या मार्चमध्ये फाइल आली तेव्हा मी त्या बाणावर बराच वेळ थांबले. खरं उत्तर आता ‘हो’ असण्याची दाट शक्यता होती. मग ते का टाकलं नाही? भित्रेपणा होताच, तो नाकारत नाही. पण आणखी एक कारण होतं, ते मूळच्या चार धातूंच्या शीटमध्ये सापडतं.

ती शीट जन्माला आली अमेरिकेच्या एका कायद्यामुळे. २०१० च्या जुलैमध्ये बँकांना वेसण घालण्यासाठी डॉड-फ्रँक नावाचा भलामोठा कायदा झाला. त्याच्या पोटात १५०२ क्रमांकाचं एक कलम होतं: काँगो आणि शेजारच्या देशांतून हे चार धातू येत असतील, तर कंपन्यांनी तसं जाहीर करावं. हेतू रास्त होता. पूर्व काँगोत शस्त्रधारी टोळ्या खाणींवर बसून वसुली करत होत्या आणि त्यांच्या हातचं कोल्टन हे खनिज टँटलम होऊन आपल्या खिशातल्या फोनच्या कपॅसिटरमध्ये येत होतं. पण कायद्याचे नियम तयार व्हायच्या आतच खरेदीदारांनी सोपी वाट धरली: तिथलं घेणंच नको. त्यात काँगोचे अध्यक्ष कबिला यांनी सप्टेंबर २०१० ते मार्च २०११ पूर्वेकडच्या तीन प्रांतांत खाणकामच बंद करून टाकलं. बंदूकवाल्यांना दुसरे धंदे होते, सोन्याची तस्करी होती. हातोडी-फावड्यावर पोट असलेल्या खाणकामगारांना दुसरं काही नव्हतं. २०१४ मध्ये सत्तर जाणकारांनी, त्यात काँगोचेही होते, एक खुलं पत्र लिहून हे सगळं मांडलं.

मग निघाली टॅग लावायची पद्धत. खाणीवरच पोत्याला टॅग, त्यावर नंबर, म्हणजे माल कुठल्या खाणीचा ते शेवटपर्यंत कळेल. कल्पना उत्तम. पण २०२२ मध्ये ग्लोबल विटनेस या संस्थेने या टॅगांवरच अहवाल काढला: भलत्याच खाणींचा माल टॅग लागून स्वच्छ होतोय. ते वाचताना मला मार्केट यार्डातल्या पेट्या आठवल्या. हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण पेटीवर देवगड आणि आत कर्नाटकचा आंबा हे दर उन्हाळ्याचं ठरलेलंच. फरक इतकाच की आंबा आपण नाकाला लावून ओळखतो, निदान ओळखल्याचा आव आणतो. टँटलमला वास नसतो. चुरा होऊन कागद झालेल्या अभ्रकालाही नसतो.

म्हणून ‘हो’ टाकताना हात अडखळला. ‘हो’ टाकलं की गिऱ्हाईक म्हणणार, दुसरीकडून घ्या. सौंदर्यप्रसाधनं बनवणाऱ्या काही कंपन्या तर कृत्रिम अभ्रकाकडे वळून मोकळ्याही झाल्या. त्यांच्या डब्यातली चकाकी आता निष्कलंक आहे. तिसरीच्या बायका त्या दिवसापासून काय खातात, हे त्या डब्यावर लिहिलेलं नसतं. २०१७ मध्ये पॅरिसला काही कंपन्यांनी मिळून एक संघटना काढली, तिथून पळायचं नाही, गावांत राहून पाच वर्षांत बालमजुरी संपवायची, असं ठरवून. पाच वर्षं झाली, आता २०३० म्हणतात. मला त्यांची टिंगल करवत नाही. मुदत हुकली तरी ते निदान तिथे आहेत.

मला राग येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. त्या अख्ख्या शीटमध्ये भावाचा रकाना नाही. माल कुठून आला, कुणी भरडला, धोरण वेबसाइटवर आहे का, हे सगळं विचारतात. वेचणाऱ्याला किलोला काय दिलं, हे कुठेच विचारत नाहीत. आणि ज्या आठवड्यात ही फाइल येते त्याच आठवड्यात त्याच गिऱ्हाइकाच्या दुसऱ्या विभागाची मेल येते, कॉस्ट डाउनची: यंदा दर तीन टक्क्यांनी कमी करा. मी ती मेल वाचते आणि कोलकात्याला फोन लावून मायकाचा दर दोन-तीन टक्के खाली आणते. माझं कामच ते आहे आणि मी त्यात वाईट नाही. कोलकात्याचा माणूस पुढे कुणाला फोन लावत असेल आणि ती साखळी कुठल्या टोपलीपाशी संपत असेल, ते आता मला माहीत आहे.

एकदा रिकामा वेळ होता म्हणून हिशेब केला. आमच्या मधल्या साइझच्या हीटरला मायका लागतं साधारण दीडशे ग्रॅम. आठ रुपये किलोने ढिबऱ्याचा एक रुपया वीस पैसे. चुऱ्याचा कागद होताना निम्मा माल वाया जातो असं धरलं तरी दोन रुपये चाळीस पैसे. वेचणाऱ्याचा भाव दुप्पट केला, तर आमचा हीटर अडीच रुपयांनी महाग होईल. ज्या मशीनवर तो बसतो तिची किंमत लाखांत असते.

इकडे आपल्याकडेही वारं फिरतंय. सेबीने २०२२-२३ पासून शेअर बाजारातल्या पहिल्या हजार कंपन्यांना बीआरएसआर नावाचा जबाबदारीचा अहवाल सक्तीचा केला, त्यामुळे आता देशी गिऱ्हाइकांच्याही प्रश्नावल्या येतात. त्यातही भावाचा रकाना अजून मला दिसलेला नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये केंद्राने अभ्रकाला गौण खनिजांतून काढून प्रमुख खनिजांत घातलं. कारण काय, तर ज्या खडकात अभ्रक सापडतं त्याच खडकात लिथियम, टँटलम असल्या मौल्यवान चिजा सापडतात. २०१५ मध्ये त्याला गौण ठरवलं, तेव्हाही मुलं त्या खडकात शिरतच होती.

गेल्या मार्चमध्ये मी पुन्हा ‘माहीत नाही’ टाकलं आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं: माल झारखंडातला असण्याची शक्यता आहे, तिथे लहान मुलं काम करतात, खरेदी न थांबवता वेचणाऱ्यांना बरा भाव देता येईल का, यावर बोलायला आम्ही तयार आहोत. मालकांना दाखवूनच पाठवलं. ते चष्मा कपाळावर चढवून म्हणाले, ‘पाठवा. वाचणार कोण आहे?’

बरोबर म्हणाले. उत्तर तेच आलं, प्रणालीत अपूर्ण. फक्त या वेळी खाली एक ओळ जास्त होती: पुरवठादाराचं घोषणापत्र जोडल्यास चालेल. कोलकात्याला कळवलं. दोन तासांत पीडीएफ आली. लेटरहेड, गोल शिक्का, सही, आमच्या मालात कुठल्याही टप्प्यावर बालमजुरी नाही. वरची तारीख आदल्या वर्षाची होती. मी फोन केला, तर म्हणाला, ‘सॉरी मैडम, बदल के भेजता हूँ,’ आणि पाच मिनिटांत नव्या तारखेची आली. जोडली. चौकोन हिरवा झाला.

पंचिंगवरचा मुलगा छठसाठी गावी गेला होता. परत आला तो ठेकुआचा डबा घेऊन, सगळ्यांना वाटला. मग माझ्या टेबलाशी येऊन वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी ठेवलं. अभ्रकाचा खडा होता, कडेला लाल माती चिकटलेली. ‘आपके लिए. घर के पीछे से.’ आई अजून वेचते का, विचारलं. कधीकधी, म्हणाला, भाव वाढलाय, पण किती ते ती नीट सांगत नाही. स्टोअरच्या काट्यावर ठेवून पाहिला. ४१० ग्रॅम. त्याच्या लहानपणच्या दराने तीन रुपये अठ्ठावीस पैसे. मी नखाने कडेचा एक पापुद्रा सोडवला. सुटला. सवय गेली नव्हती.

संध्याकाळी निघताना गेटवर बॅग तपासताना वॉचमन काकांनी तो खडा बाहेर काढला.

‘मॅडम, हे मटेरियल?’

‘माझं आहे काका. भेट दिलीय एकाने.’

‘मायका आहे ना हा? मग गेटपास?’

‘अहो, कंपनीचा नाहीये.’

‘ते ठीक आहे, पण आत आल्याची एंट्री नाही, तर मी बाहेर कसा सोडू? उद्या स्टॉकला कमी आलं तर माझ्यावर येईल.’ त्यांचं चुकत नव्हतं. मागच्याच महिन्यात तांब्याची वायर गेली होती. त्यांनी इनवर्डचं रजिस्टर काढलं, आधी आत घेऊ, मग बाहेर पाठवू म्हणाले, आणि पेन माझ्या हातात दिलं. तारीख. वेळ. मालाचं वर्णन. नग एक.

‘कुठून आला, ते पण लिहा,’ काका म्हणाले. ‘तो रकाना मोकळा चालत नाही.’

मी लिहिलं: तिसरी, जिल्हा गिरिडीह.